रीडिंगची वही

तात्यांनी डायरी कधी लिहिली नाही.
लिहिली ती मीटरची वही,
वर्कशॉपच्या पावतीबुकातून उरलेल्या कागदांची,
लाल पुठ्ठ्याची.
रात्री साडेनवाला जिन्याखाली वाकायचं,
बॅटरीच्या उजेडात आकडा बघायचा,
कालचा वजा करायचा,
पुढं एक-दोन शब्द.

उद्यमनगरात जन्मभर जळक्या मोटरी बांधल्या त्यांनी.
नखात तांबं, अंगाला व्हार्निश.
म्हणायचे, वीज वाया गेली की वास येतो,
तुमास्नी येत न्हाई, मला येतो.

तापणाऱ्या वस्तूंवर विशेष डोळा.
"कॉइल म्हणजे जावई.
पान वाढलं की जवळनं हलायचं न्हाई."
म्हणून गीझर चालू असेतो
दाराशी कुणीतरी उभं.
इस्त्री फक्त रविवारी,
आधी शर्ट, मग परकर,
प्लग काढल्यावर उरल्या उबेवर रुमाल.
आई एकाच कुकरात डाळ, भात, बटाटे रचायची
आणि गॅस बंद केलेल्या तव्यावर
मूठभर शेंगदाणे टाकून म्हणायची,
"मी बघतो हिकडं, तुम्ही बसा जेवायला."

वहीत सगळं घर आहे.
४.१ नेहमीचं.
७.८ आक्कांचे पाहुणे. मिक्सर.
२.२ सगळे कागलला लग्नाला. फ्रिज एकटा.
५.० उदयचा अभ्यास. बोलू नये.
६.३ बाथरूमचा दिवा रात्रभर. वाया.
हा शेवटचा शब्द नेहमी लाल पेनानं.

पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली त्या साली
सहा दिवस ओळीनं शून्य.
समोर बारीक अक्षरात:
ह्याला बचत म्हणायचं नाही.

मी भांडलो ते पंख्यावरून.
मी गॅलरीत, पंखा आत एकटाच फिरत होता.
"दोन रुपयांच्या विजेपायी माणूस खाताय तुम्ही."
दार आपटलं, रात्रीची एसटी धरली.
चाकणला मित्राच्या खोलीत अकरा रात्री.
फोन उचलला नाही.

त्याला आता किती वर्षं झाली.
तात्यांचे डोळे गेले जवळजवळ,
वही माझ्याकडं आली.
कोरं पान शोधता शोधता
उलटीकडून चाळली गेली,
आणि त्या अकरा रात्री सापडल्या.

घरात माणूस एक कमी
आणि आकडा ४.७.
दुसऱ्या दिवशी ४.७.
तिसऱ्या दिवशी तोच.
वजाबाकी मलाही येते:
साठचा बल्ब, दहा तास, शून्य पॉइंट सहा.
आम्ही चपला काढायच्या आत
जो फटदिशी बंद व्हायचा,
तो.
शेऱ्यात एकच शब्द: दारातला.
खाली पुन्हा: दारातला.
अकरा वेळा, निळ्या पेनानं.
बाराव्या रात्री
४.३ आला. जेवला.

मला आठवतंय, त्या रात्री ते
माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.
मी पंखा लावला होता
आणि तो त्यांनी बंद केला नव्हता.

मीटर आता नवा. फिरती चकती गेली,
लाल टिकली तेवढी लुकलुकते.
माझी पोरगी फ्रिज उघडून उभी राहते,
काय घ्यायला आलो ते आठवत.
"बंद कर की गं!"
म्हणतो, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकतो.

आतल्या खोलीतून खोकला.
"किती झालं?"
"पाच पॉइंट दोन."
"काल?"
"चार नऊ."
"मग? लिव्ह की, कशानं वाढलं."
"थांबा तात्या. दारातला दिवा चालू हाय अजून.
वसुधा सीपीआरमधनं यायचीय,
सेकंड शिफ्ट."

थोडा वेळ काहीच नाही.
कॉटची करकर, कूस बदलल्याची.

"त्यो उद्यात धर," म्हणाले.